ओकबुनचा आकडा

मेंग ओकबुन आमच्या क्रीडा शाळेत आली तेव्हा तिच्या नावावरूनच पोरी हसल्या. असलं नाव आता फक्त आज्यांचं असतं. ती जुमुनजिन बंदरावरची. आई माकूळ मासळी सुकवायची, आणि ओल्या माकळांनी भरलेल्या पाट्या धक्क्यावरून टेकडीवरच्या वाळवणापर्यंत वाहायचं काम लहानपणापासून ओकबुनचं. मांड्या अशा, की शाळेची चड्डी तिला उसवून घ्यावी लागली. वसतिगृहात ती माझ्याच खोलीत होती आणि मी एक वर्षानं पुढं, म्हणून मला ताई म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात चाचण्या झाल्या. जागच्या जागी उडी, आणि मग ती सायकल. जमिनीला ठोकलेली, चाकावर वजनाचा ब्रेक. अर्धं मिनिट जीव खाऊन पायडल मारायचं, श्वासाची वाट न बघता. शेवटी बहुतेक जणी बादलीत ओकायच्या. पायांतून किती जोर निघाला आणि तो किती टिकला, यावरून पोरगी शंभर मीटर किती वेळात धावेल याचं सूत्र विद्यापीठातल्या कुणीतरी बसवलेलं होतं.

ओकबुन उतरली तेव्हा गु सर कागदाकडे बघतच राहिले. ते आमचे प्रशिक्षक. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"पोरी, तू बारा सेकंदांच्या आत धावणार आहेस."

"कधी, सर?"

"कधी काय? पाय तयार आहेत तुझे. फक्त धाव."

बातमी बंदरावर गेली. मासळीबाजाराच्या कमानीवर तिच्या नावाचं कापड लागलं: आमच्या बंदराची लेक, देशाची धावपटू. अजून एकही शर्यत झाली नव्हती.

शर्यती झाल्या आणि ओकबुन मागं पडत गेली. सुरुवात झकास, पहिल्या काही ढांगांत सगळ्यांच्या पुढं. मग एकेक पोरगी तिला ओलांडून जायची. मला बाजूनं स्पष्ट दिसायचं. तिचं पाऊल जमिनीवर रेंगाळायचं. सायकलवर पाय पायडलवरच असतो, तिथं नुसता जोर पुरतो. मैदानावर पाऊल टेकलं न टेकलं तोच उचलावं लागतं, आणि ते तिला काही केल्या जमत नव्हतं. सरांनी दोऱ्या बांधल्या, टायर ओढायला लावले, उतारावरून पळवलं. फरक पडला, पण आकड्याइतका नाही.

"यंत्र खोटं बोलत नाही," सर म्हणायचे. "म्हणजे खोटं कोण बोलतंय?"

"मी नाही हो, सर. जीव तोडून धावते."

"मग उरलेला जोर कुठं जातो? बंदरावर ठेवून आलीस?"

ओकबुननं आईला फोन केला, घरी येते म्हणाली. मी शेजारीच उभी होते. आईचा आवाज मलाही ऐकू आला: "अगं, ते कापड अजून कमानीवर आहे. मी बाजारातून कोणत्या तोंडानं जाऊ? थोडा दम धर." ओकबुन हूं हूं करत राहिली.

पुढच्या चाचणीआधी, नाश्त्याला बटाट्याची आमटी समोर ठेवून ती हळूच म्हणाली, "ताई, आज मी मुद्दाम हळू मारणार. आकडा पडला की सोडतील मला."

"सरांना कळेल."

"कळू दे. मला जायचंय."

ती सायकलवर बसली. सर ओरडले, पोरी ओरडायला लागल्या, आणि तिचे पाय फिरू लागले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. दोनदा तिनं पाय ढिले सोडायचा प्रयत्न केला. नाही सुटले. शेवटी डोळे मिटून अशी तुटून पडली, की सायकल जागेवर थरथरली. आधीचा आकडा मोडला. पोरींनी टाळ्या पिटल्या. ती बादलीवर वाकली होती; मी पाठ चोळायला गेले तर म्हणाली, "येतच नाही गं मला हळू. ओझं दिसलं की पाय आपोआप ढकलतात."

त्या आकड्यावर तिला शहराच्या संघात घेतलं. गु सरही तिथंच गेले. सायकल शर्यतीच्या प्रशिक्षकानं तिला आपल्या संघासाठी मागितलं, पण सरांच्या सहीशिवाय बदली नव्हती आणि सर म्हणाले, "माझं सोनं मी दुसऱ्याच्या भट्टीत टाकू?"

तिची सगळ्यात चांगली शर्यत मी स्वतः पाहिली. प्रांताच्या स्पर्धेत तिसरी आली. स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ. ओकबुन हात वर करून नाचत आली, मला मिठी मारली. सर घड्याळ बघत चालत आले.

"बघ. अजून अर्धा सेकंद शिल्लक आहे तुझ्यात."

तिचे हात खाली आले. "हो, सर," म्हणाली आणि बुटांचे बंद सोडायला बसली. सोमवारी ती पुन्हा सायकलवर होती.

तिनं संघ सोडला नाही. संघच बंद झाला, तेव्हा ती घरी आली. आता बंदरावर बर्फाच्या कारखान्यात असते. मी शाळेत खेळ शिकवते, सुट्टीत तिच्याकडे जाते. परवा जेवताना मी सहज म्हटलं, "सुटलीस एकदाची."

ती माशाचे काटे काढत होती. "सुटले, ताई. पण कधी कधी वाटतं, तो अर्धा सेकंद खरंच होता की काय? मीच चोरून ठेवला असेल का?"

"अगं, नव्हताच तो."

"तू म्हणतेस," ती म्हणाली, आणि तिनं मला अजून भात वाढला.