आत्याआजीचं देऊळ

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, आणि जरा बाजूला आठवा. सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे. आठवा आमच्या आत्याआजीचा. आजोबांची ही धाकटी बहीण बिनलग्नाचीच विहिरीत पडली, प्रेत वर आलंच नाही, आसरांनी तिला आपल्यात नेलं, हे आम्हाला बाळघुटीबरोबर पाजलेलं. घरात लग्न निघालं की पहिली ओटी तिची. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. माझ्या लग्नात मीही तिच्यापुढे डोकं टेकून सुखाचा संसार मागितला होता.

गेल्या वर्षी मांजरसुंब्याकडे जाणारा रस्ता रुंद करायला घेतला आणि विहीर बुजवायची ठरली. दगड हलवायचे म्हणून भावानं गुरवाला विचारून दिवस काढला. मी बीडहून गेले. घरात धावपळ चाललेली आणि ओसरीवर धाकटी आजी बसलेली. आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, नव्वदी गाठलेली. बराच वेळ बघत होती, मग एकदम म्हणाली, "कावून एवढा जीव काढता रे त्या दगडापायी? ती कुटं पडलीय विहिरीत? ती तर पुण्याला कारखान्यात गेलती."

भाऊ हसला. "आजी, पडा जरा." तो गेला आपल्या कामाला. मी मात्र तिथंच फतकल मारली. मला आता चैन पडतंय होय!

आजीनं सगळं सांगितलं. मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, चालू होतं तेव्हाची गोष्ट. आत्याआजीचं एका बिजवराशी जमवलेलं. तिनं साफ नाही म्हटलं आणि पुण्याच्या मावशीकडे निघून गेली. तिकडं दारूगोळ्याच्या कारखान्यात बायका घेत होते, ही लागली. इकडं भावांची पंचाईत. पोरगी पळाली म्हणावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मग तिचं एक लुगडं विहिरीच्या काठावर टाकलं आणि बोंब ठोकली. गावानं विश्वास ठेवला, कारण आसरा पोरींना नेतात हे गावाला ठाऊकच होतं. सव्वा महिन्यात दगड बसला.

"तुला कुणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सांगतंय कोण? म्या बघितली की तिला."

आजी नवी सून असताना सासूबरोबर नारायणगडाच्या जत्रेला गेली होती. सासू म्हणजे आत्याआजीची सख्खी आई. सासू कासाराजवळ बसून दगडाला वाहायला बांगड्या निवडत होती. तेवढ्यात एक बाई येऊन शेजारी बसली. धडधाकट, हात मोकळे. तिनं आपला हात कासारापुढं केला आणि सासूकडं बघून म्हणाली, "आई, मलाच घाल की. दगडाला कशाला?"

"मग?"

"मग काय. सासूबाईंनी पदर ओढला तोंडावर अन् उठल्या. मला म्हन्ल्या, चल गं. म्या मागं वळून बघितलं. ती तसाच हात पुढं करून बसलेली. कासार तिचं माप घेत होता बिचारा."

आजी रडायला लागली. "तवा म्या तरी एक बांगडी चढवायची का न्हाई तिच्या हातात? लई भ्याले बघ."

मी तरातरा भावाकडे गेले आणि म्हटलं, दगड हलवायचा नाही, आधी चार माणसांत खरं सांगायचं. तो म्हणाला, "आक्का, पोरीची सोयरीक चाललीय. पाव्हणे दारात आलेत. आत्ताच कुठं काढतेस हे?"

आणि मी, जिच्या फटकळ तोंडाला सासरचं घर टरकून असतं, ती मी गप्प बसले. पाहुण्यांसमोर नव्या जागी दगड बसला. भावजयीनं ताट पुढं केलं आणि मी हिरव्या बांगड्या उचलून दगडावर ठेवल्या. आजी ओसरीवरून माझ्याकडं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर घास गोड लागेना. शेवटी पुण्याला गेले. हातात पत्ता ना काही, कारखान्याजवळच्या जुन्या वस्तीत "बीडकडच्या एक बाई होत्या, बिनलग्नाच्या" असं विचारत फिरले. तिसऱ्या गल्लीत एका म्हातारीनं हात धरून घरात नेलं. "बीडवाली मावशी! अहो, भिंतीला भिंत होती आमची." मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. झोपेतच गेली. लढाई संपल्यावर बायका कमी केल्या तेव्हा तिचंही काम सुटलं, मग शिवणकाम केलं, पण कुणापुढं हात पसरला नाही.

"बांगड्या घालायच्या का?" मी काय विचारावं ते न सुचून विचारलं.

"नाही हो. बारुदीत काम करताना काढून ठेवाव्या लागायच्या ना, ठिणगी पडेल म्हणून. पुढं कुणी विचारलं तर म्हणायची, माझ्या बांगड्या माहेरी ठेवल्यात."

तिनं चहा ठेवला. मग जरा संकोचून म्हणाली, "एक विचारू? ती सांगायची, गावाकडं माझं देऊळ आहे. दिवाळीला सगळ्या माहेरी निघाल्या की हिला विचारायच्या, तू का नाही जात? तर म्हणायची, अगं, देव कुठं असा माहेरपणाला जातो का? आम्ही हसायचो तिला. खरंच आहे का हो देऊळ?"

"आहे," मी म्हणाले.

"अगं बाई! केवढं आहे?"

मी दाखवायला दोन्ही हात वर केले. तो दगड वीतभर आहे. माझे हात तसेच राहिले, आणि ती म्हातारी भाबडेपणानं वाट बघत होती.