मेलेल्या दासीची झाली मावशी

गेल्या वर्षी मी विषारी दूध पिऊन मेले, आणि त्याच संध्याकाळी घरात भातही मलाच टाकावा लागला.

मेले ती टीव्हीवर. राजवाडा, राक्षस, मंतरलेले आरसे असली एक मालिका आमच्याकडे रोज संध्याकाळी लागते. तिचं शूटिंग मुरबाडच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी चालायचं आणि माझा धाकटा भाऊ संदीप तिथे टेम्पोने पाण्याचे जार पोचवायचा. एक दिवस त्याचा फोन आला, "ताय, दासी कमी पडल्यात. येतेस का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. मालिका म्हणजे त्यांचं दुसरं सासर! कोण कुणाची सवत, कुणाचा आत्मा कुणाच्या अंगात, सगळं तोंडपाठ.

"जा गो!" त्या म्हणाल्या. "नि त्या राजकन्येला सांग, मांत्रिकावर इस्वास ठेवू नको!"

निरोप द्यायचा राहिला. मला काम एवढंच होतं की "राजकुमारी, थांबा, आधी मी चाखते!" असं म्हणून दूध प्यायचं आणि पडायचं. मी इतक्या मनापासून पडले की सोन्याचा पेला (प्लॅस्टिकचा, वरून रंग मारलेला) चेपला.

तो भाग लागला त्या दिवशी तानशाच्या रस्त्यावरचं आमचं अख्खं गाव पडवीत बसलं होतं. मी दिसल्याबरोबर शिट्ट्या पडल्या. मी मेल्याबरोबर शिट्ट्या थांबल्या. शेजारच्या कमळाकाकूंनी हळूच सुस्कारा सोडला.

"तिन्हीसांजेला घरची सून मेली. हे काय बरं नाय."

बस्स! दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरची, माझ्यावरून मीठ-मोहरी, आणि शहापूरच्या बाजाराला जायची बंदी. ह्यांच्या मोटारसायकलवर बसायचं नाही, विहिरीत वाकायचं नाही. मी साधी शिंकले तरी सासूबाई भिंत धरायच्या! आणि मालिका सुरू झाली की रोज तेच.

"राजा परत जिता झाला. सेनापतीचं मुंडकं उडालं, तोपन आला. तुलाच कोन उठवीत नाय? तू कायतरी उलट बोलली असशील तिथं!"

"आई, मी तुमच्यासमोर बसलेय ना!"

"हितं बसलीस. तिथं मेलीस ना!"

आधी मला हसू यायचं. पण मग त्यांचं जेवण तुटलं, बीपीची गोळी घेऊनही डोकं गरगरायला लागलं, आणि माझं हसू गेलं. म्हातारी खरंच घाबरली होती. मी संदीपला फोन लावला, "काय पन कर, मला जिती कर!"

नशीब असं की संदीप मला सेटवर घेऊन गेला त्याच दिवशी राजकन्येची मावशी होणारी बाई आयत्या वेळी आली नव्हती. सेटवरचा एक मुलगा मला म्हणाला, "तुम्ही उभ्या राहा, मॅडम."

"अहो, पण मी मेलेय!"

"कुणाला आठवतंय?"

(त्याने आमची पडवी बघितली नव्हती!)

माझ्या डोक्यावर मुकुट चढला, हनुवटीवर तीळ उमटला, झाली मावशी तयार. दोन प्रसंग झाले. पहिल्यात मी लग्नमंडपात हसत येते. दुसऱ्यात मांत्रिक बोट रोखतो आणि माझा दगड होतो. घरी येऊन मी पहिला प्रसंग रंगवून सांगितला आणि दुसरा गिळून टाकला.

पहिला प्रसंग लागला तेव्हा सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "जिती झाली! माझी सून जिती झाली!" त्यांनी दारावरचं लिंबू काढलं, सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. मी मोकळा श्वास घेणार, एवढ्यात कमळाकाकू खोबरं चावता चावता थांबल्या.

"पन ही तर दासी व्हती. मावशी कशी?"

"मावशी म्हंजे रानीची बहीन," सासूबाई म्हणाल्या.

"नि रानीच्या बहिनीचा नवरा कोन?"

पडवी विचारात पडली. उत्तर सासूबाईंनाच सुचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मांत्रिक!"

सगळ्यांच्या माना वळल्या. वाशिंदच्या कारखान्यातून नुकतेच आलेले आमचे हे कोपऱ्यात चहा पीत होते.

"कोन मांत्रिक?" ह्यांनी विचारलं.

"तो उंच नाय का, दाढीवाला," काकूंनी मदत केली. "दिसायला बरा हाय."

ह्यांनी चहा अर्धा टाकला. सकाळी डबाही न घेता कामावर गेले! इकडे सासूबाईंची चौकशी सुरू झाली. "सख्ख्या बहिनीनं तुला दासी केली, का तूच भेस बदललास? दुधात इख हाय, तुला ठाव व्हतं का? खरं सांग!"

"आई, मला पेला दिला, मी प्यायले!"

"पकडल्यावर सगळ्या असंच बोलतात."

आणि अजून दगड व्हायचं बाकीच होतं! मेले तर लिंबू बांधलं. दगड झाले तर सासूबाई काय करतील? त्यांच्या जिवाला काही झालं तर? शेवटी मी ठरवलं, तो भाग लागेल त्या संध्याकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन मुरबाडला संदीपकडे जायचं. त्याचा टीव्ही बंद पडलाय हे मला पक्कं ठाऊक होतं.

किन्हवलीवरून जीपने आम्ही पोचलो. संदीपच्या अंगणात पांढरी चादर ताणलेली, समोर भाड्याचा प्रोजेक्टर, चटयांवर अख्खी आळी, आणि मधोमध दोन खुर्च्या. एक सासूबाईंना, एक मला.

"सरप्राइज, ताय!" संदीप ओरडला. "टीव्ही बंद हाय तर काय झालं!"

पळायला जागा नव्हती. चादरीवर मी आले, चांगली म्हशीएवढी मोठी! मांत्रिकाने बोट रोखलं. धूर झाला. मी पायापासून राखाडी होत वर वर गेले. मी डोळे गच्च मिटले आणि सासूबाईंचा हात धरला. तो थंडगार लागला. (माझाच असावा.)

"दगूड झाली?" कानाशी आवाज आला.

"हो, आई."

"मेली नाय ना?"

"नाय, आई."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या चटईवरची बाई वळून बघायला लागली. "मग काय भ्या नाय! दगडाला इख कोन पाजतंय? राहूदे तशीच." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या आणि परतताना जीपमध्ये माझ्या खांद्यावर निवांत झोपल्या. आमचे हेही रुसल्यापासून पहिल्यांदा बोलले, "बायकोला दगूड करतो! त्याच्यापेक्षा मी बरा का नाय?"

पुढे राजवाड्याच्या अंगणात तो दगड रोज दिसायला लागला. मला वाटलं, आता रोज उभं राहायला बोलावतील. मी संदीपला विचारायला लावलं. कळलं की मुकुट आणि तिळासकट त्यांनी थर्माकोलची मावशी करून घेतलीय! घरी मी काही बोलले नाही.

एका संध्याकाळी मालिका बघता बघता सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"आदी मला वाटायचं, तुला काय येत नाय. पन आता काय काम करतेस गो! कशी ताठ उभी ऱ्हातेस, पापनीसुदिक हलवीत नाय!"

माझ्या अभिनयाचं ते आजवरचं एकमेव कौतुक. मी मान खाली घालून म्हटलं, "तुमचा आशीर्वाद, आई."