माझ्या फोनवरून जवाई भांडले

आज ज्याले ज्याले माझ्या नावानं गाढव म्हटलं गेलं, त्यायनं आयका. ते मी नाई लिवलं.

सकाळी कामठ्याहून लेक-जवाई आले. जवायाचं नेट सरलं, म्हणून माझा फोन घेतला. चहा होईपर्यंत ते कोण्या विदेशी रॉक बँडच्या ग्रुपात, माझ्या फोटोसकट, भांडून राहिले होते. भांडण काय, तर बँडचा सगळ्यात भारी लाईव्ह कार्यक्रम कोणता? पावसातला का स्टेडियमातला?

बचत गटातल्या रेखाचा फोन आला, "काकू, तुम्ही लोकायले गाढव लिवून राहिल्या, तब्बेत बरी आहे ना?"

मंग मी फोन हिसकला अन् ग्रुपात लिवलं, "आतापर्यंत भांडत होते ते माझे जवाई, मी यायची सासू. तुमच्यातलं कोण गेलं होतं तिथं?"

एका बुढ्यानं लिवलं, "मी पावसातल्याले होतो. आवाज फाटून राहिला होता. अर्ध्यातून निंघालो."

झालं! दोन्ही बाजूचे एक झाले अन् त्याच्यावरच तुटून पडले. त्याले म्हणे गाण्यातलं काही समजत नाई. माझ्या मांगून जवाई म्हणतात, "आई, त्याले ब्लॉक करा!"

आता जवाई आपलं नाव टाकून सगळ्यायची माफी लिवतील, तवाच ताट वाढीन. लेक म्हणते, "आई, जवाई आहेत ते!" मंग? जवाई आहेत म्हणून माझ्या नावानं शिव्या देतील का?

तुमच्या घरी आहे का असा कोणी, जो कुठंच गेला नाई अन् जाऊन आलेल्याले शिकवते?