नकार दिला की चांदणी जाते

असे किस्से जमवायला कुणी बसत नाही. वैतागाच्या भरात एक जण काहीतरी सांगतो, दुसरा म्हणतो, "हे काहीच न्हाई, माझं ऐका," आणि चहा पुन्हा सांगावा लागतो. नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी आमचं हेच होतं.

आम्ही चौघं. लिंबागणेशला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्यावरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. अशोकराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यांचं घर नेकनूरलाच. सुनंदाताई केजच्या. आणि भाऊसाहेब, रस्त्याकडेच्या शेतात नवं घर बांधलेले, मेंढरंवाले. चौघांनीही पोरासुनांच्या नादी लागून आपापलं घर त्या ॲपवर टाकलं. देवदर्शनाला येणारे, पवनचक्कीचे इंजिनिअर, मोर बघायला निघालेली पुण्याची मंडळी, असं कुणीबुणी येतं.

ॲपचा नियम साधा आहे. पाहुण्यानं बुकिंग मागितलं की चोवीस तासांत उत्तर द्यायचं. नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहे, तसं स्वच्छ मराठीत लिहिलेलं आहे. फक्त तो वापरायचा नाही! एकदा नाही म्हटलं की नावापुढची चांदणी जाते. दुसऱ्यांदा म्हटलं की आपलं घर यादीत इतकं खाली जातं की आपल्यालाच सापडत नाही. तिसऱ्यांदा म्हटलं की गायबच. घर आपलं, दार आपलं, कडी आपली. पण कडी लावली की शिक्षा!

* * *

पहिली चांदणी माझीच गेली.

चतुर्थीचा दिवस. चार माणसांचं बुकिंग. सकाळी दुकान उघडतोय तोवर दारात एक जीप आणि तिच्या मागं एक टेम्पो. माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. बावीस! टेम्पोतून गॅसची शेगडीसुद्धा उतरली.

म्हटलं, "दादा, बुकिंग चौघांचं आहे."

त्यांचा म्हातारा म्हणाला, "झोपणार चौघंच हायेत. बाकीचे नुसते बसणार."

मी हात जोडले आणि नाही म्हणालो. ते बिचारे भांडले नाहीत, मंदिराच्या धर्मशाळेत गेले. भांडलं ते ॲप. दुपारी फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. "सर, नकार देण्याआधी तुम्ही पाहुण्यांशी संवाद साधायला हवा होता."

"साधला ना मॅडम! एकवीस जणांशी बोललो. बाविसावा मोरीत होता."

"मग सर, बुकिंग करणारे ते बाविसावे होते का?"

मी फोन ठेवला. संध्याकाळी चांदणी गेली.

* * *

भाऊसाहेबांचं दुखणं वेगळं. ॲपच्या फॉर्मात प्रश्न होता, 'प्राणी?' त्यांनी बरोबरची खूण केली. का? तर घरी दोनशे मेंढरं आहेत!

त्या प्रश्नाचा अर्थ 'पाहुण्यांनी प्राणी आणले तर चालतील का' असा होता, हे त्यांना कळलं ते पुण्याच्या एका जोडप्याच्या मेसेजवरून. त्यांच्यासोबत वासराएवढं कुत्रं येणार होतं. फोटोच पाठवला होता त्याचा, गळ्यात रुमाल बांधलेला. त्या आठवड्यात मेंढ्या व्यालेल्या, आठ-दहा दिवसांची कोकरं अंगणात उड्या मारत होती. भाऊसाहेबांनी नकार दिला.

ॲपनं कळवलं की तुम्ही प्राण्यांचं स्वागत करतो म्हणता आणि प्रत्यक्षात भेदभाव करता. भाऊसाहेब उसळलेच. "आरं, दोनशे जनावरं मी लेकरावानी संबाळतो आन् मला म्हंतेत भेदभाव? म्हनावं, हितं येऊन कोकरांना इचार!"

त्यांच्या सुनेनं, रेखानं, हेच वाक्य नीट शुद्ध करून पाठवलं. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' चांदणी गेलीच.

* * *

अशोकरावांनी मात्र आजवर एकदाही नकार दिलेला नाही. भीतीपोटी. आणि त्याचीच किंमत ते भोगतात.

उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीला आठ दिवसांनी टँकर. म्हणून त्यांनी एप्रिल-मेचं कॅलेंडर बंद ठेवलेलं. ॲप रोज टोचायचं, 'तुमच्या भागात मागणी वाढली आहे, तारखा उघडा.' शेवटी वैतागून त्यांनी एक तारीख उघडली, नेमकी टँकरची. टाकी भरलेली असेल, एक कुटुंब निघून जाईल, असा हिशोब.

कुटुंब आलं. चांगली माणसं. चहा घेतला, अशोकरावांच्या बायकोच्या पाया पडले. अशोकराव देवळात जाऊन येतात तोवर त्या गृहस्थानं टाकीच्या नळाला पाइप लावून आपली पांढरी गाडी धुवायला घेतली होती! टपावरून, काचांवरून, चाकांवरून पाणी. रस्त्यावर ओघळ. शेजारच्या बाया कळश्या घेऊन ओघळाकडं बघत उभ्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?" सुनंदाताईंनी विचारलं.

"काय म्हणणार? हसलो. रिव्ह्यू लिहायचा होता ना त्यानं."

आणि रिव्ह्यूत त्यानं लिहिलं, 'बाकी सर्व उत्तम. पाण्याचा दाब वाढवावा.'

अशोकराव बशीतला चहा संपवून म्हणाले, "तीस वर्षं मी गच्च भरलेल्या गाडीच्या दारात उभं राहून लोकांना सांगितलं, जागा न्हाई, उतरा खाली. कुणी शिव्या दिल्या, एकानं तर छत्री मारली. पण डेपोनं कधी इचारलं न्हाई, का उतरवलं म्हणून!"

* * *

सुनंदाताईंचा किस्सा सांगताना कुणी हसत नाही. म्हणजे मधे एकदा हसतात, पण लगेच गप्प होतात.

त्यांच्या सासूबाई सकाळी गेल्या. नव्वदीच्या होत्या, बसल्या जागी गेल्या. घरात माणसं जमायला लागली आणि ताईंच्या ध्यानात आलं की दुपारी एक पाहुणा येणार आहे, पवनचक्कीचा इंजिनिअर. त्यांनी रडत रडत बुकिंग रद्द केलं. तिथं कारण विचारलं, ते लिहिलं. पुरावा मागितला. प्रेत अंगणात आणि पुरावा कुठून आणणार! मग त्यांनी फोन लावला.

पलीकडच्या मुलानं आधी दुःख व्यक्त केलं. मग विचारलं, "मॅडम, मयत व्यक्ती स्वतः होस्ट आहे का?"

"न्हाई रे बाबा! होस्ट जिती हाय, म्हणून तर फोन करतीय!"

होस्ट गेला असता तर दंड माफ होता म्हणे. होस्टची सासू त्या नियमात बसत नव्हती.

आणि तो इंजिनिअर? त्याला डोंगरावर रेंज नव्हती, मेसेज मिळालाच नाही. पाठीवर बॅग घेऊन तो दुपारी गल्लीत शिरला तेव्हा तिरडी उचलत होते. काय झालं ते त्यानं कुणाला तरी विचारलं, बॅग ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि मागच्या बाजूनं खांदा दिला. स्मशानातून आल्यावर ताईंना म्हणाला, "काकू, मी बघतो माझं." स्टँडजवळच्या लॉजवर गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः ॲपला कळवलं की माझी काहीच तक्रार नाही.

ॲपचं त्याला उत्तर आलं, 'तुमच्या गैरसोयीची आम्ही गंभीर दखल घेतली असून यजमानांवर कारवाई केली आहे.'

त्यानं ते ताईंना दाखवलं. दहाव्याला आला होता, तेव्हा.

* * *

आता भाऊसाहेबांचं शेवटचं.

त्यांचे दोन नकार झाले होते. एक त्या कुत्र्याचा, दुसरा मेंढरं चारायला लांब घेऊन गेले होते तेव्हाचा. तिसऱ्याला घर गायब होणार होतं. आणि एक दिवस रेखा मोबाइल घेऊन आली. "मामा, बुकिंग आलंय. दोन दिवसांचं. नवरा-बायको आन् दोन पोरं. फोटो बघा जरा."

फोटो विष्णूचा होता. भाऊसाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ.

बारा वर्षांपूर्वी भाऊसाहेब सरपंचपदाला उभे होते आणि विष्णू समोरच्या पार्टीच्या जीपमध्ये भोंगा घेऊन बसला होता. भाऊसाहेब पडले. त्या दिवसापासून बोलणं बंद. विष्णू पुण्याला गेला, मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप टाकलं. हे शेत आणि नवं घर दोन्ही त्यानंतरचं, त्यानं पाहिलेलं नव्हतं. ॲपवर घर रेखाच्या नावानं आणि इंग्रजी नाव देऊन टाकलेलं. रेखा त्या भांडणानंतर घरात आलेली, तिला तो ओळखत नव्हता. म्हणजे त्याला काही पत्ताच नव्हता!

भाऊसाहेब पूर्ण दिवस मोबाइलकडं बघत बसले. नाही म्हणावं तर घर जातंय. शेवटी म्हणाले, "'हो' दाब."

विष्णू आला. गाडीतून उतरला, ओसरीत भाऊ दिसला, आणि तिथंच खिळला. बायको-पोरं दमलेली, सणाचे दिवस, दुसरीकडं कुठंच जागा नाही. तो मुकाट आत आला.

पुढचे दोन दिवस दोघं एकाच ओसरीवर बसले, पाच हातांवर. बोलले ॲपवरून! भाऊसाहेब रेखाला म्हणायचे, "लिही, जेवण तयार हाय." पाच हातांवर विष्णूचा मोबाइल वाजायचा. तो टाइप करायचा, 'धन्यवाद. भाजी तिखट नको.' रेखा वाचून दाखवायची. "लिही, लहानपनापासून तिखटच खातोय, आता काय झालं?" मोबाइल वाजायचा. 'पित्त झालंय.'

रेखा म्हणते, माझी बोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरची मोटार बंद पडली. भाऊसाहेब स्टार्टरचा डबा उघडून अर्धा तास खटपट करत होते. विष्णू ओसरीवरून बघत होता. एकदा त्यानं मोबाइल काढला, परत खिशात टाकला. मग उठला, बाह्या वर केल्या आणि भावाच्या शेजारी जाऊन म्हणाला, "सरक."

बारा वर्षांत पहिला शब्द. भाऊसाहेब सरकले.

मोटार चालू झाली. निघताना पोरं भाऊसाहेबांच्या पाया पडली, विष्णूची बायको पडली. विष्णू गाडीत बसून राहिला, पण गाडी लवकर सुरू केली नाही.

महिन्याभरानं पुन्हा बुकिंग आलं. विष्णूचंच. दिवाळीचे चार दिवस.

भाऊसाहेबांनी रेखाच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतःच्या बोटानं 'नाही' दाबलं.

"मामा! तिसरं झालं की! घर जाईल आता ॲपवरनं!"

"जाऊ दे."

ॲपनं कारण विचारलं. भाऊसाहेबांना टाइप करायला बराच वेळ लागला. रेखानं नंतर आम्हाला ते दाखवलं.

'त्याला म्हनाव दिवाळीला घरी येतानी बुकिंग करत न्हाईत.'