उंबर पडला तेव्हा

सहायक फौजदार देवकी विशे यांना लोक माघारी ‘बोलकी फौजदारीण’ म्हणतात, आणि कुणी तोंडावर म्हणालंच तर बाई खूश होतात. खर्डीच्या भातशेतीत वाढलेली ही पोरगी पोलिसात गेली, तेव्हा चार दिवसांत परत येईल असं घरच्यांना वाटलं होतं. ती कसली येते! मोर्चे, जत्रा, बंदोबस्त, सगळं त्यांनी तोंडाच्या जोरावर निभावलं. तानसा धरणावर बाटल्या फोडणारं एक टोळकं सापडलं, तेव्हा त्यांनी पोरांना काचा वेचायला बसवलं आणि आई काय करते, बहिणीचं लग्न ठरलं का, अशी प्रेमळ चौकशी करत शेजारी उभ्या राहिल्या. पोरांना वाटलं, यापेक्षा दोन काठ्या बऱ्या.

पण गेल्या एप्रिलात टोकावड्याजवळच्या एका ठाकरवाडीवर त्यांच्या जिभेचीही परीक्षा झाली.

भर दुपारी वाडीवरच्या वाळूचा फोन आला. त्याच्या मुलीचं, काजलचं लग्न होतं. “बाय, लवकर या. मानूस मरंल आता!”

झालं होतं असं. वऱ्हाडाचा टेम्पो मागे घेताना ड्रायव्हर शेखरनं मांडवाचा खांब उडवला. खांबाला बांधलेली उंबराची फांदी खाली आली आणि तिच्यावरून चाक गेलं. शेखर शहापूरच्या बाजारपेठेतला, त्याच्या लेखी फांदी ती फांदी. पण काजलच्या मामानं, जगननं, ती वाजतगाजत आणली होती आणि मांडवात उंबर हाच देव होता. वाडीच्या पोरांनी शेखरला आंब्याला बांधला, टेम्पोच्या चारी चाकांची हवा सोडली. मग वऱ्हाडही दांडकी घेऊन उठलं.

देवकीबाईंनी वाडीच्या तोंडाशी जीप थांबवून मुरबाडला ठाण्यात साहेबांना कळवलं. “गाडी पाठवतोय,” साहेब म्हणाले. “ती येईपर्यंत तुम्ही आत जायचं नाही.”

साहेबांचं चुकत नव्हतं. दोन माणसांनी दोनशेंच्या भांडणात शिरणं शहाणपणाचं नव्हतंच. पण गाडी येईपर्यंत डोकी फुटली असती, वऱ्हाड परत गेलं असतं, आणि अंगाला हळद लागलेली काजल तशीच बसून राहिली असती. तशा पोरीकडे लोक पुढे कसं बघतात, ते देवकीबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी हवालदार भगीरथला काठी जीपमध्ये ठेवायला सांगितली आणि त्या सरळ मांडवात शिरल्या.

एक दगड भगीरथच्या टोपीला चाटून गेला. “मॅडम, ड्रायव्हरला उचलू आणि निघू,” तो पुटपुटला.

“उचललास तर लग्न मोडलं समज,” देवकीबाई म्हणाल्या. मग त्यांनी खणखणीत आवाज काढला. “धवलेरीण कोण हाय गो इथं?”

धवल्याची गाणी गाऊन लग्न लावणारी म्हातारी गुणाबाई पुढे आली. तिच्या शब्दापुढे मांडवात कुणी बोलत नसे.

“गुणाबाय, लगीन मोडलं का?”

म्हातारीनं डोळे मिटले. दोन्हीकडची दांडकी जागच्या जागी थांबली. “नाय मोडलं. दुसरा उंबर आनावा. ज्यानं पाडला त्यानंच आनावा. पन तो परका हाय. परक्याच्या हातचा उंबर चालायचा नाय.”

“मंग करा त्याला आपला. हळद उरलीय ना?”

गुणाबाई बोळकं उघडून हसली. हळदीची वाटी घेऊन ती आंब्यापाशी गेली आणि शेखरच्या दोन्ही गालांना हळद फासली. “आजपासून तू काजलीचा भाव. कबूल हाय का रे?”

“भाऊ, काका, आजोबा, कायपण होतो!” शेखर रडकुंडीला आला होता. “पण सोडा मला!”

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात जगन मामा गर्दीतून निघाला. त्याच्या हातात कोयता होता आणि तो थेट शेखरकडे निघाला होता. भगीरथ झेपावणार, तोच देवकीबाईंनी त्याचं मनगट धरलं. मामा सकाळी ज्या मानानं उंबर घेऊन आला होता तो मान आत्ता सगळ्यांसमोर त्याचा त्यालाच परत घेऊ द्यायला हवा होता. पोलिसानं हात घातला असता तर तो कायमचा गेला असता. एवढं त्यांना कळत होतं. कोयता कुठे पडेल ते मात्र कळत नव्हतं.

कोयता दोरीवर पडला. “चल रे भाच्या,” जगन म्हणाला. “उंबर दाखवतो तुला.”

मामा-भाचे वाजंत्रीसकट उंबर आणायला गेले. ज्यांनी हवा सोडली होती त्या पोरांना देवकीबाईंनी सायकलच्या पंपानं चारी चाकं भरायला बसवलं आणि शेजारी उभं राहून त्यांच्या लग्नांची चौकशी केली. ढाली-हेल्मेटवाली गाडी पोहोचली तेव्हा आत धवले चालू होते. शिपायांना बायांनी ओढून पंगतीला बसवलं.

गाडीसोबत आलेल्या साहेबांनी लग्न लागल्यावर देवकीबाईंना बाजूला घेतलं. “मी थांबा म्हणालो होतो.”

“हो सर.”

“आणि तो कोयता दुसरीकडे पडला असता तर?”

 देवकीबाईंनी तोंडाला लावलेली कपबशी खाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा बाई गप्प झाल्या. त्या फार घाबरल्या होत्या, हे त्यांचं त्यांनाच आत्ता कळत होतं.

तेवढ्यात वाळू हात जोडून पुढे आला. मागे काजल, डोळे रडून सुजलेले. “सायेब, पोरगी टेम्पोत चढं ना. म्हनते, तिकडं कोन टोचून बोललं तर? पाठराखीन म्हनून या बायलाच धाडा, म्हनते. वर्दीत.”

नियमांत पाठराखीण कुठेच बसत नव्हती. साहेबांनी वेळ काढायला घड्याळ पाहिलं, मग वर पाहिलं. वधूपक्ष, वरपक्ष, वाजंत्री, हळदीच्या गालांचा शेखर, पंगतीतले स्वतःचे शिपाई, सगळे हात थांबवून त्यांच्याकडेच बघत होते, आणि विचारायला वरचा कुणी नव्हता.

साहेबांनी देवकीबाईंच्या हातातली कपबशी काढून घेतली.

“जा,” ते म्हणाले. “पोरीला नीट पोहोचवा. मी बघतो इथलं.”