दोषाचे वाटे

जगात जे काही बिघडतं त्याचा दोष एकट्या माणसावर कधीच नसतो, यावर आमच्या मावसाजींइतका ठाम विश्वास असलेला माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही. पूर्ण विदर्भातही नसावा, पण मी पूर्ण विदर्भ पाहिलेला नाही. त्यांच्या मते वरणात मीठ जास्त पडलं तर त्यात मावशीचा दोष थोडासाच. काही दोष मिठाच्या डब्याच्या रुंद तोंडाचा, काही नेमक्या त्याच वेळी दारात येऊन बोलत उभ्या राहिलेल्या शेजारणीचा, आणि काही खाणाऱ्याचाही, कारण त्याने भात कमी वाढून घेतला. मावशी म्हणते, "लग्न झालं तवापासून या माणसानं मले एकदाही बोल लावला नाई. यायच्याशी भांडाचं कसं, तेच समजत नाई."

हे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आठवीपासून बी.ए. होईपर्यंत मी यांच्याच घरी राहिलो आणि यांच्याच ताटात जेवलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीखाली किती लोकांचे हात आहेत ते मला ठाऊक आहे, आणि त्यातला एक खरखरीत हात मावसाजींचा आहे. त्यांचं मूळ गाव वैनगंगेच्या काठाला होतं. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आताचं गाव पवनी तालुक्यातच वर मुरमाड माळावर वसवलेलं आहे. गल्ल्या सरळ, घरं एका रांगेत, मधोमध समाजमंदिर. मावसाजी थोडी धानाची शेती करतात, पण गावात त्यांची खरी ओळख आहे ती मटणाचे वाटे घालणारा माणूस म्हणून.

धान निघून घरात आले की दहा-पंधरा घरं मिळून एक बोकड घेतात. बोकड कोणीही कापेल, पण वाटे घालावेत मावसाजींनीच. पळसाची पानं जमिनीवर मांडायची आणि प्रत्येक पानावर थोडं नरम, थोडं हाडाचं, थोडी चरबी, काळजाचा एक तुकडा. मावसाजी मग उकिडवे बसून एखाद्या पानावरचं बोटभर मटण उचलतात, दुसऱ्यावर ठेवतात, मान वाकडी करून पाहतात आणि परत उचलतात. तोवर घरोघरी मसाला वाटून तयार असतो आणि बाया दारातून विचारत असतात की आज जेवायचं आहे की उद्या. वाटे झाले की एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. मावसाजी एका पानाकडे बोट दाखवून विचारतात, "हा कोणाले?" पाठमोरा माणूस ज्या घराचं नाव घेईल, तो वाटा त्या घराचा. त्याने जे म्हटलं ते शेवटचं. एकदा खुद्द मावसाजींच्या नावावर नुसत्या हाडांसारखा दिसणारा वाटा आला. मावशी दोन दिवस धुसफुसत होती. मावसाजी म्हणाले, "वाटा मीच घातला, तो सारखाच आहे. हाडं वरतं दिसून राहिले, एवढंच."

दोषाचे वाटेही ते असेच घालत. दहावीला मी गणितात नापास झालो तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन बसलो होतो. मावसाजी आले, शेजारी उकिडवे बसले आणि जमिनीवर बोटाने रेघा ओढायला लागले. "हा वाटा गणिताच्या मास्तराचा, ते दिवाळीपर्यंत आलेच नाईत. हा लाइटीचा. हा माहा, मी तुले धानाच्या रोवणीत नेलो. हा धरणाचा." धरणाला प्रत्येक गोष्टीत एक वाटा असायचाच. मग त्यांनी एक छोटीशी रेघ ओढली. "हा तुहा. लहान आहे, पण सोडू नको याले. आपला तो आपला." पुढे मी बी.ए. झालो तेव्हा कौतुकाचेही वाटे झाले. मास्तर, मावशी, माझे आईबाप, ज्याच्या सायकलवर मी कॉलेजला जायचो तो शेजारी, सगळ्यांना काही ना काही मिळालं. मी विचारलं, "धरणाले?" मावसाजी गंभीरपणे म्हणाले, "यात तेचा काई संबंध नाई."

या शास्त्राची खरी कसोटी लागली ती कबड्डीत. मावसाजींच्या समोरच्या घरात रोशन राहायचा. घरांना रंग द्यायचं काम करायचा आणि हिवाळ्यात कबड्डी खेळायचा. अंगाने सडपातळ, पण चढाईला गेला की समोरच्या सात जणांना तो कुठून कुठे गेला ते कळत नसे. स्पर्धेच्या फलकावर त्याचा फोटो वाघाच्या शेजारी छापलेला असे. त्याच्या एकट्याच्या जोरावर आमचा संघ दरवर्षी फायनलला पोचायचा आणि दरवर्षी फायनल हरायचा. लोक मग त्याच फलकाखाली उभे राहून म्हणायचे, "सेमीपर्यंत वाघ, फायनलले बकरी." मावसाजी एकटे त्या सगळ्यांशी भांडायचे. भांडायचे म्हणजे वाटे घालायचे. पानठेल्यावर, न्हाव्याकडे, एकदा तर एका तेरवीच्या पंगतीत त्यांनी भाताच्या शितांनी सात खेळाडू मांडून दाखवले होते. वाढपी रस्सा घेऊन उभा होता आणि मावसाजी त्याला सांगत होते, "थांब गा, कोपरारक्षकावर रस्सा नको सांडू."

दोन वर्षांपूर्वी कोंढ्याच्या बाजूला एका गावात आम्ही लागोपाठ तिसरी फायनल हरलो. मी भंडाऱ्याहून मुद्दाम रजा काढून गेलो होतो. शेवटची चढाई रोशनची, आणि आम्ही एका गुणाने मागे. नुसती बोनस रेषा ओलांडून तो एक गुण घेऊन परत आला असता तरी बरोबरी होती. मावसाजी माझ्या कानाशी "बोनस घे, बोनस घे" असं इतक्या जोरात ओरडत होते की त्यांची दाताची कवळी हलत होती. रोशनने बोनस घेतला नाही. तो कोपऱ्यातल्या दोन गड्यांना एकदम शिवायला गेला, त्यातल्या एकाने त्याचा घोटा धरला आणि बाकीचे अंगावर पडले. त्या ढिगाखालून रोशनचा हात मध्यरेषेकडे येत राहिला आणि वीतभर अलीकडे थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात बैठक बसली. कबड्डी मंडळाचे अध्यक्ष ट्रॅक्टरवाले आहेत. जेवण तेच देतात, गाडी तेच देतात, म्हणून मोठ्या आवाजात बोलण्याचा हक्कही त्यांचाच. ते म्हणाले, "आता बाहेरचा रेडर आणू. रोशनले आराम देऊ." आराम देणं म्हणजे काढून टाकणं हे सगळ्यांना समजलं. रोशन मागे भिंतीला टेकून बसला होता. मावशीने मला सकाळीच सांगितलं होतं की त्याने रंगकामाच्या ठेकेदाराला हैदराबादला कामाला येतो म्हणून कळवलं आहे. संघात नाव राहिलं नाही तर संध्याकाळी बॅग घेऊन निघणार.

तेवढ्यात मावसाजी आले. त्यांच्या दुपट्ट्यात मुरमाचे खडे होते. ते फरशीवर उकिडवे बसले आणि त्यांनी खड्यांचे ढीग घालायला सुरुवात केली.

"हा आपल्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याचा," ते म्हणाले. "पंचाशी भांडून तो बाहीर बसला. हा गाववाल्यायचा. तुमी वाघ वाघ करून इतके बोंबलले का समोरच्यायले समजलं, आता हाच येते. हा माहा, मीही बोंबललो. हा अध्यक्षाचा."

"माहा कायचा?" अध्यक्ष म्हणाले.

"खेळाच्या आधी मटण कोणं चारलं पोट्ट्यायले? अन् वरतून बुंदी."

"खाल्लं तर सगळ्यायनं ना बाप्पा. मी का तोंडात कोंबलं?"

"अन् हा धरणाचा."

आता सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "धरणानं का घोटा धरला तेचा?"

मावसाजी हसले नाहीत. "आपलं मैदान कोठी आहे? पाण्याखाली. नदीकाठच्या मातीत हेच पोट्टे छातीवर घसरत जायचे रेषेपर्यंत. इथं मुरमावर सराव करतात. घसरले का कातडं निघते. काल तो वीतभर घसरला असता तर आज तुमी तेले खांद्यावर घेऊन फिरले असते." समाजमंदिरात बसलेल्या प्रत्येकाने ते मैदान पाहिलेलं होतं.

पण अध्यक्षांनी ट्रॅक्टर उगाच घेतलेला नाही. ते सावरून बसले आणि म्हणाले, "मावसाजी, वाटे तुमीच घातले अन् नावंही तुमीच देऊन राहिले. मटणात असं करता का? पाठमोरा माणूस कोठी आहे?"

हा घाव वर्मी बसला. इतक्या वर्षांत मावसाजींच्या वाट्यांवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "ठीक," ते म्हणाले. "करा कोणालेही पाठमोरा."

"रोशनलेच करा," मागून कोणीतरी टोमणा मारला. "तसाही तो तोंड लपवूनच बसला आहे."

रोशन उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावसाजींनी पहिल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"हा कोणाले?"

"मले," रोशन म्हणाला.

मावसाजींनी दुसऱ्या ढिगाकडे बोट नेलं. "हा कोणाले?"

"मले."

"अबे, ऐकून तर घे. हा कोणाले?"

"मले."

मावसाजी एकेका ढिगाकडे जात राहिले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटचा ढीग आला. "हा धरणाचा आहे रोशन. सांग, हा कोणाले?"

"तोही मलेच."

"धरणाचा वाटा तुले कसा होईल, पागल?"

तेव्हा रोशन वळला. त्याच्या कपाळावर आदल्या दिवशीचं खरचटलेलं होतं. तो अध्यक्षांकडे पाहत नव्हता, मावसाजींशीच बोलत होता. "मावसाजी, लोकं शिव्या देतात तर मले झोप लागते जी. तुमी वाचवता तवा नाई लागत. जिंकून आलो का लोकं मलेच खांद्यावर घेतात ना? तवा तुमी वाटे नाई घालत. बोनस सोपा होता. मले दिसून राहिला होता. मले वाटलं, दोन गड्यायले शिवून एकदमच जिंकतो, टाळ्या पडतील. धरणानं नाई सांगितलं मले तसं. मले माहा दोष घेऊ द्या, तवाच मी पुढच्या वर्षी बोनस घेईन. अन् तुमी म्हणाल पुढचं वर्ष नाई, तर तेही ठीक."

मावसाजी खड्यांकडे पाहत राहिले. पाठमोरा बोलला ते शेवटचं, हा नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांना मोडता येत नव्हता. वाद घालायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. काय करावं ते न सुचून मी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला आणला, आणि तो त्यांनी रोशनला दिला.

मग आमच्या संघाचा डाव्या कोपऱ्यातला गडी पुढे आला. तोवर तो दाराशी मोबाइल पाहत उभा होता. त्याने खाली वाकून एक ढीग मुठीत घेतला. "हा माहा आहे बे," तो रोशनला म्हणाला. "सगळाच तू घेशील तर आमी का खेळलोच नाई?" त्यानंतर एकेक जण येऊ लागला. ज्याला आपला नेमका ढीग सापडेना तो दुसऱ्याचा घेऊन गेला. अध्यक्ष शेवटपर्यंत बसून राहिले. शेवटी छताकडे पाहत म्हणाले, "बुंदी नोहती द्यायला पाहिजे, हे आहेच." बाहेरच्या रेडरचा विषय त्यानंतर निघाला नाही. कोणी तो नामंजूर केला नाही, नुसते सगळे चहा प्यायला उठले. रोशनने संध्याकाळी बॅग उघडून कपडे परत खुंटीला टांगले, असं मावशीने समोरच्या खिडकीतून पाहून सांगितलं.

पुढच्या वर्षी आम्ही फायनल जिंकलो का? नाही. रोशनने शेवटच्या चढाईत बोनस घेतला, बरोबरी केली, आणि जादा वेळात आम्ही हरलो. परत येताना ट्रॉलीत सगळे मावसाजींकडे पाहत होते. ते आता वाटे घालतील, मग हसू येईल, मग भूक लागेल, असा आमचा क्रमच होता. मावसाजींनी गाव येईपर्यंत एकही वाटा घातला नाही. रात्री जेवणाआधी रोशन अंगणात येऊन बसला आणि आपलं कुठे चुकलं ते सांगू लागला. एरवी हरला की तो दोन-दोन दिवस मावसाजींच्या अंगणात फिरकायचा नाही. मावसाजी ऐकत होते. मधेच त्यांच्या तोंडातून "पण तो पंच" एवढं निघायचं, मग ते ओठ मिटून घ्यायचे आणि सुपारी शोधू लागायचे. हे त्यांना फार जड जात होतं. मावशी मला चुलीपाशी बोलावून म्हणाली, "बघ, घामच आला माणसाले."

या वर्षी रोशनचं लग्न झालं आणि तो बायकोला घेऊन हैदराबादला गेला. रुसून नाही, काम चांगलं मिळालं म्हणून. घर चालवायचं तर जावंच लागतं, हे इथे सगळ्यांना कळतं. त्याच्या जागी नवी पोरं खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली. त्या रविवारी मी मावशीकडे गेलो होतो. मावसाजी अंगणात खाटेवर बसले होते. समोरच्या घराला कुलूप होतं. ते मला म्हणाले, "लाव बरं त्याले फोन." मी लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तिकडे कुठेतरी भिंती घासण्याचा आवाज येत होता.

"हरले म्हणते आपले," रोशन म्हणाला. "कोणाची चूक झाली जी मावसाजी?"

मावसाजींनी थोडा विचार केला. "तुहीच," ते म्हणाले. "पूर्ण तुहीच चूक आहे. तू नोहता."

घासण्याचा आवाज थांबला. मग रोशन म्हणाला, "हो जी." मावसाजींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. दोघांपैकी कोणी फोन ठेवत नव्हतं.