पहिल्या नंबरचा कडवटपणा

मी अकोल्याचे तिकीट काढले तेव्हा घरच्यांना वाटले, कापसाच्या भावावर लिहायला निघालो. त्या वर्षांत वऱ्हाडातून पुण्याकडे येणाऱ्या बातम्या सगळ्या वाईटच असायच्या, आणि तिकडे जाणारा माणूस चेहरा गंभीर करून जायचा. मी मात्र बिअरसाठी चाललो होतो आणि ते सांगायला मला अजिबात लाज वाटली नाही.

एका मासिकात मी खाण्यापिण्यावर लिहितो. पावसाळी अंकासाठी लहान ब्रुअरींच्या पाच आयपीएंची शिफारस करायची होती. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी मुद्दाम कडू केलेली बिअर. नाशिकची एक होती, पहिल्या घोटालाच कैरीची आठवण करून देणारी. गोव्याची एक हलकी, तळलेल्या बांगड्याबरोबर तिला तोड नाही. बंगळुरूच्या दोन, त्यांतली एक इतकी कडक की जेवण उरकल्यावरच घ्यावी. आणि पहिल्या नंबरवर श्रीरंगची. श्रीरंग माझा कॉलेजातला मित्र, पुण्याबाहेर त्याची ब्रुअरी आहे. तो आयपीएत वऱ्हाडातल्या संत्र्याच्या वाळलेल्या सालीची भरड घालतो. घोट गिळला की जिभेच्या मुळाशी एक कडवटपणा हळूच उमटतो आणि बराच वेळ हलत नाही. मी लिहूनही टाकले होते, ‘हॉप्स कसे वापरावेत, ते या माणसाकडून शिकावे.’ माझी जीभ फसत नाही असा माझा लौकिक आहे, आणि तो पसरवण्यात माझाही हातभार आहे. साल कुठून येते, तेवढे पाहून यायचे बाकी होते.

फाल्गुन संपत आला होता. सकाळी नऊला अकोल्यात उतरलो तर ऊन दुपारचे होते. श्रीरंगला भरड पुरवणारे रऊफभाई जुन्या बाजारात शिकेकाई, रिठे, मुलतानी माती विकतात. मागच्या खोलीत त्यांची छोटी गिरणी. त्यांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला. मी बिअरचे नाव काढताच मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

“साहेब, मी उटन्याचा माल इकतो. पुन्याचे साहेब तोंडाले लावते का पोटात टाकते, मी कधी पूछलं नाई. पन आता तुमी सांगूनच राहिले, तं मी बीचमधून हटतो.”

“म्हणजे माल बंद?”

“माल काहून बंद होईन? माल कुसुमताईचा आहे, परतवाड्याच्या पुढं. सीधे त्याहिच्यापाशी जा. बाई सच्ची आहे.” त्यांनी चिठ्ठीवर गावाचे नाव लिहून दिले आणि चहाचे पैसे काही देऊ दिले नाहीत.

अकोट, अंजनगाव करत एसटी परतवाड्याकडे निघाली. माझ्या पिशवीत श्रीरंगने खास भरून दिलेल्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. अंजनगावच्या अलीकडे त्यांतल्या एकीचे झाकण उडाले. आवाज टायर फुटल्यासारखा झाला, आणि फेस पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीपर्यंत गेला.

“काय फुटलं हो?” कंडक्टर ओरडला.

“सोडा!” मी म्हणालो.

आजोबांनी टोपी काढून हुंगली. “सोडा नोहे हा,” ते म्हणाले आणि टोपी शांतपणे पुन्हा डोक्यावर ठेवली. सगळी एसटी हसली. मीही हसलो, दुसरे करणार काय?

परतवाड्याहून जीपने गावी पोचलो. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. बागा म्हणायच्या खऱ्या, पण मधूनमधून नुसते खुंट उभे होते. विहिरी आटल्या, तशी लोकांनी वाळलेली झाडे तोडून सरपणाला काढली होती.

कुसुमताईंचे घर वावरातच (शेतातच) होते. भिंतीला एक कुऱ्हाड टेकून ठेवली होती. ताई पन्नाशीच्या, बोलायला खणखणीत. त्यांचे यजमान देवरावभाऊ बाजेवर बसले होते.

“कुऱ्हाड शेजाऱ्याची आहे. दोन साल झाले, मांगून आनली,” ताई म्हणाल्या. “व्यापारी बारीक फळ उचलत नाई, अर्धी बाग गेली. हे म्हने, राहिलेली बी तोडू. मी म्हटलं, थांबा. बारीक फळाची साल वाळवली, रऊफभाईनं घेतली. साल उठून राहिली म्हनून बाग उभी आहे.”

जेवायला भाकरी आणि गोळाकढी (कढीत शिजवलेले डाळीचे गोळे) होती. मी तीन वेळा कढी घेतली, रऊफभाईंचा निरोप दिला आणि माल आता थेट पुण्याला श्रीरंगकडे जाईल हे सांगितले. मग पाहुण्याच्या ऐटीत उरलेली बाटली काढली, आणि त्यांच्या सालीचे काय होते ते तुम्ही चाखलेच पाहिजे, असा आग्रह धरला.

ताईंनी बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला आणि लगेच पदराने तोंड पुसले. “हा तं कडूनिंब होय.”

मी समजुतीने हसलो. “ताई, ते हॉप्स. परदेशी वेलीची फुलं असतात.”

“असतीन. पन हे मांगून कडू लागून राहिलं ना, तो कडूनिंबच.”

त्यांनी मला आतल्या खोलीत नेले आणि एका गोणीचे तोंड सोडले. सालीचा एक थर, त्यावर वाळलेला निंबाचा पाला, पुन्हा साल. “किडे होऊ नये म्हनून. जवारीत टाकतो, तसाच याच्यात. उटन्याले तं चांगलाच असते.”

मी एक पान उचलून चावले. जिभेच्या मुळाशी तोच कडवटपणा हळूच उमटला. रऊफभाईंच्या गिरणीत साल आणि पाला एकत्रच भरडला जात होता, आणि ज्या चवीसाठी मी पहिला नंबर दिला होता, ती ही होती. गुढीपाडव्याला आई गुळाबरोबर निंबाचे पान द्यायची, तेव्हा मी ते मोरीत थुंकायचो. मला खरोखर लाज वाटली.

ताईंचा चेहरा उतरला होता. “म्हंजे लोकाहिच्या पिन्यात पाला गेला. मंग आता तो पुन्याचा मानूस घेनार नाई का?”

देवरावभाऊंनी भिंतीकडे पाहिले. कुऱ्हाड तिथेच होती.

“त्याला सांगायचंच नाही,” मी घाईने म्हणालो. “तुम्ही पाला घालता तसाच घाला.” यात मला त्यांची बाग वाचवायची होती, आणि खरे सांगायचे तर स्वतःचा लौकिकही.

“काहून? आजवर आमाले मालूम नोतं, तं नोतं. आता नाव संत्र्याचं अन् अंदर निंब, असं मी नाई धाडत.”

त्यांनी गोणी अंगणात ओतली. दुपारभर आम्ही तिघे सालीतून पाला वेचत बसलो. बाटली देवरावभाऊंनी संपवली आणि “थंडी असती तं बरी लागली असती,” एवढाच अभिप्राय दिला. निघताना ताईंनी दोन पिशव्या दिल्या, एक सालीची, एक पाल्याची. “काय टाकाचं ते त्याले पाहून टाक म्हना.”

अमरावतीला गाडीला वेळ होता. नेहमी मी गिला वडा (ताकात मुरवलेला उडदाचा वडा) मिटक्या मारत खातो. त्या दिवशी आणखी काय काय ओळखायचे राहून गेले असेल, या विचारात खाल्ला.

सगळे ऐकून श्रीरंग आधी चिडला, मग पोट धरून हसला, मग कामाला लागला. नुसत्या सालीची बिअर केली, ती सरबतासारखी झाली. साल आणि पाला वेगवेगळे मोजून घातले, ते औषध झाले. शेवटी मी ताईंना फोन लावला.

“वेगयेवेगये टाकले तं असंच होईन,” त्या म्हणाल्या. “महिनाभर एका गोनीत राहिले पायजे दोघं.”

“मग पाठवाल तशी गोणी? आता श्रीरंगला सगळं ठाऊक आहे.”

“आता धाडतो.”

महिन्याभराने गोणी आली. तिच्यावर काळ्या रंगाने, कुठूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘संत्रा अन् कडूनिंब’. बिअरची तिसरी खेप जूनमध्ये उतरली. डोळे मिटून घोट घेतला, आणि या वेळी काय चाखतो आहे ते मला माहीत होते.

पहिला नंबर मी बदलला नाही. हॉप्सबद्दलचे वाक्य खोडले आणि तिथे ताईंचे नाव घातले. अंक छापून आल्यावर फोन करून त्यांना ते वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, पण पहिल्या नंबरचे त्यांना विशेष काही वाटले नसावे.

“ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “ह्याहिनं काल कुऱ्हाड शेजाऱ्याले वापस देऊन टाकली.”